भागू की गुणू?

"मावशी, भागू की गुणू?"

माझा भाचा चौथीत आहे. शाब्दिक उदाहरण समोर आलं की त्याचा पहिला प्रश्न हा. तुमच्याही घरात तो ऐकू येत असेल. एकदा का उत्तर मिळालं की पुढचं सगळं तो झटपट करतो. पाढे तोंडपाठ, मांडणी स्वच्छ, बाकी वगैरे व्यवस्थित. अडतं ते फक्त इथेच.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता पीएचडी करतेय ती मुलं गणित कशी शिकतात या विषयावर. (आईच्या भाषेत सांगायचं तर, "सगळ्यांची मुलं पुढे जातात, आमची परत चौथीत आली.") म्हणजे या प्रश्नाचं नीट उत्तर निदान मला तरी देता यायला हवं. पण गेल्या वर्षी त्याची परीक्षा दोन दिवसांवर आली होती, बहीण वैतागली होती, आणि मी त्याला एक युक्ती शिकवून मोकळी झाले: "'प्रत्येकी' किंवा 'समान' दिसलं की भागायचं. 'एकूण' दिसलं की बेरीज नाहीतर गुणाकार." परीक्षेपुरतं भागलं. गुण बरे पडले. मीही खूश.

यंदा त्याच्या वहीत हे सापडलं: "४ मुलांना प्रत्येकी २४ बोरं दिली, तर किती बोरं दिली?" खाली सुंदर अक्षरात: २४ ÷ ४ = ६. म्हणजे चौघांना मिळून सहा बोरं! मी म्हटलं, "अरे, एकट्याकडेच चोवीस आहेत ना?" तो म्हणाला, "पण 'प्रत्येकी' लिहिलंय."

त्याने उदाहरण वाचलंच नव्हतं, नुसता शब्द हुडकला होता. आणि हुडकायला मीच शिकवलं होतं.

हा लेख म्हणजे त्या युक्तीची दुरुस्ती. घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल, किंवा तुम्ही या वर्गांना शिकवत असाल, तर मूठभर चिंचोके घेऊन वाचायला बसा.

एक चिन्ह, दोन गोष्टी

ही दोन उदाहरणं बघा.

पहिलं: २४ लाडू ६ मुलांत सारखे वाटले. एकाला किती मिळाले?

दुसरं: २४ लाडू आहेत. एका डब्यात ६ बसतात. किती डबे लागतील?

दोन्हींत २४ ÷ ६ = ४. आपण मोठी माणसं म्हणतो, "एकच तर आहे." पण हे चिंचोके घेऊन करून बघा. पहिल्यात तुम्ही सहा वाट्या मांडाल आणि एकेक चिंचोका फिरवत टाकाल: याला एक, त्याला एक, परत याला एक. दुसऱ्यात वाट्या मांडताच येणार नाहीत, कारण किती हव्यात तेच तर विचारलंय. तिथे तुम्ही सहा मोजून बाजूला ठेवाल, पुन्हा सहा मोजून बाजूला, असं चिंचोके संपेपर्यंत. हाताची हालचालच वेगळी आहे. उत्तराचा ४ सुद्धा वेगळा आहे. पहिल्यात चार लाडू, दुसऱ्यात चार डबे.

पहिल्याला आपण वाटणीचा भागाकार म्हणू, दुसऱ्याला गटांचा. वाटणीत वाटेकरी किती ते माहीत असतं, वाटा शोधायचा असतो. गटांत वाटा माहीत असतो, वाटे किती ते शोधायचं असतं.

गंमत म्हणजे आपल्या मराठीत हा फरक आधीपासूनच आहे. "सहा मुलांत वाटले" आणि "सहा-सहा वाटले", ही दोन वाक्यं एकदा मोठ्याने म्हणा. आकडा दोनदा उच्चारला आणि गोष्ट बदलली! घरात आपण "चार-चार घ्या रे", "दोन-दोनच्या जोड्या लावा", "एकेक करून या" असं सहज बोलतो, आणि लहान पोरालाही ते कळतं. वहीत मात्र "प्रत्येकी ४ याप्रमाणे" येतं आणि तेच पोर गांगरतं. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा: पुस्तकातलं वाक्य घरच्या मराठीत करून घ्या. "प्रत्येकी ६ याप्रमाणे"चं "सहा-सहा" करा. अर्धं काम तिथेच होतं.

मुलांच्या डोक्यात काय चालतं?

१९८५ साली एफ्राइम फिशबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलांवर केलेलं संशोधन प्रसिद्ध झालं. मुलांना शाब्दिक उदाहरणं दिली, पण सोडवायला नाही. कोणती क्रिया करायची एवढंच सांगायचं होतं. म्हणजे थेट "भागू की गुणू?" हाच प्रश्न.

त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक क्रियेमागे मुलांच्या मनात एक मूळ चित्र असतं, आणि मोठेपणीही ते पुसलं जात नाही. भागाकाराचं मूळ चित्र म्हणजे वाटणी. या चित्राबरोबर काही न सांगितलेले नियमही येतात: मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, भाजक पूर्ण संख्या असणार, उत्तर भाज्यापेक्षा लहान येणार. उदाहरण या नियमांत बसलं तर ठीक, नाहीतर मूल क्रियाच बदलून टाकतं.

घरी पडताळून बघा. "३ भाकऱ्या ६ जणांत सारख्या वाटल्या. एकाला किती?" बरीच मुलं लगेच ६ ÷ ३ = २ करतात. तीन भाकऱ्यांतून प्रत्येकाला दोन! हाच प्रश्न जेवताना ताटावर विचारला तर तेच मूल "अर्धी" म्हणून मोकळं होईल.

गटांचं चित्र शाळेत शिकवल्यानंतर तयार होतं, असंही फिशबाइन यांच्या गटाला वाटत होतं. त्यावर पुढे वेगळी मतं आली, आणि त्यातलं एक संशोधन माझं फार आवडतं आहे. १९९३ साली थॉमस कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७० बालवाडीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडी बरं का! भागाकाराचं चिन्हसुद्धा न पाहिलेली मुलं. वर्षभर त्यांच्या शिक्षिकांनी त्यांना अशा गोष्टी सांगून वस्तू मांडून सोडवायला दिल्या होत्या. शेवटी नऊ उदाहरणं दिली. त्यांत वाटणीही होती, गटही होते आणि बाकी उरणारंही होतं. जवळपास निम्म्या मुलांनी नऊच्या नऊ उदाहरणांत योग्य रीत वापरली. वाटणी आणि गट या दोन्ही प्रकारांत यश साधारण सारखंच होतं. ती मुलं नक्की काय करत होती? भागाकार नव्हे. गोष्टीत जे घडतं तेच ती हाताने घडवत होती.

माझा भाचा बालवाडीत असताना हे करू शकला असता. चौथीत ते करत नाही, कारण मधल्या काळात त्याला कळलंय की गणितात गोष्ट वाचायची नसते, आकडे उचलायचे असतात.

हे फक्त आमच्याच घरात घडतं असं नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या संशोधकांनी ९७ लहान विद्यार्थ्यांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? त्यातल्या ७६ जणांनी आकड्यांची काहीतरी क्रिया करून कप्तानाचं वय सांगितलं. ही मुलं ढ नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतंच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच येतं, हे ती शिकली होती.

दोन गोष्टींचं उत्तर एकच का?

हे समजलं की भागाकार बराचसा समजला, म्हणून जरा थांबून वाचा.

सहा मुलांत २४ चिंचोके एकेक करून फिरवा. एक फेरी पूर्ण झाली की तुमच्या हातातले किती गेले? सहा. दुसऱ्या फेरीत आणखी सहा. म्हणजे वाटणीची प्रत्येक फेरी हा सहाचा एक गटच आहे. फेऱ्या किती झाल्या? चार. आणि प्रत्येकाला किती मिळाले? जितक्या फेऱ्या तितके, म्हणजे चार. "२४ मध्ये सहा किती वेळा?" हा गटांचा प्रश्न वाटणीच्या पोटातच बसलेला होता.

म्हणूनच आपण दोन्हींसाठी सहाचा पाढा म्हणतो: सहा एके सहा, सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा, सहा चोक चोवीस. पाढ्याची प्रत्येक ओळ म्हणजे वाटणीची एक फेरी. हे भाच्याला चिंचोक्यांनी दाखवलं, तेव्हा तो एकदम म्हणाला, "म्हणजे पाढा म्हणताना आपण वाटतच असतो?" हो. मला हे एमएस्सी झाल्यावर कळलं, त्याला चौथीत.

आणि बाकी?

आता २४ च्या जागी २६ घ्या. २६ ÷ ६: भागाकार ४, बाकी २. वहीत एवढं पुरतं. पण या चार गोष्टी बघा.

२६ मुलं सहलीला निघाली. एका जीपमध्ये ६ बसतात. किती जीप लागतील? उत्तर ५. दोघांना मागे ठेवून कसं जाणार?

माझ्याकडे २६ रुपये आहेत. एक पेन ६ रुपयांचं. किती पेनं येतील? उत्तर ४. दुकानदार पाचवं देणार नाही.

२६ फुगे ६ मुलांत सारखे वाटले. किती उरले? इथे बाकी हेच उत्तर: २.

२६ चपात्या ६ जणांत सगळ्या सारख्या वाटायच्या, एकही उरू द्यायची नाही. प्रत्येकाला ४ आणि वर उरलेल्या दोन चपात्यांतला वाटा, म्हणजे एक तृतीयांश. फुगा असा कापता येत नाही, चपाती येते.

मांडणी एकच आणि उत्तरं चार. कोणतं घ्यायचं हे आकडे सांगत नाहीत, गोष्ट सांगते.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला: भागाकार ३१, बाकी १२. पण ३२ बस हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्के मुलांनी "३१, बाकी १२" असंच लिहिलं आणि १८ टक्क्यांनी ३१. बारा सैनिक रस्त्यावरच राहिले.

इथेही आपली भाषा मदतीला येते. भागणे म्हणजे पुरणे असंही आपण म्हणतो ना? "एवढ्यात भागेल का?" मग जीपच्या गोष्टीत मुलाला हाच प्रश्न करा: "चार गाड्यांत भागेल का रे?" तो लगेच म्हणेल, "नाही, दोघं राहतील." "बाकीचं काय करायचं?" असं विचारलं की मूल नियम आठवायला लागतं. "भागेल का?" म्हटलं की ते गाडी बघायला लागतं.

वही आणि बाजार

तुम्ही म्हणाल, हे सगळं व्यवहारात आपोआप येतं. भाजीवाल्याच्या मुलाला कुणी शिकवलं?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या बाजारात काम करणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा पण प्रसिद्ध अभ्यास १९८५ सालचा आहे. गिऱ्हाइकासारखे जाऊन विचारलेले हिशेब त्यांनी ९८ टक्के बरोबर केले. तशीच गणितं नंतर शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तेव्हा ७४ टक्के, आणि नुसते आकडे-चिन्हं दिली तेव्हा ३७ टक्के. म्हणजे या मुलांना शब्द अडचणीचे नव्हते, उलट आधाराचे होते! गोष्ट काढून टाकली तेव्हा ती अडखळली.

२०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांवरचं संशोधन आलं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात आहेत. बाजारातली मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली गणितं त्यांना जड जात. मग शाळेत जाणारी मुलं? त्यांचं नेमकं उलटं. वहीतलं जमे, पण बाजारातला हिशेब टाकला की ती अडकत. म्हणजे हे ज्ञान आपोआप इकडून तिकडे जात नाही. मध्ये पूल बांधावा लागतो. शाब्दिक उदाहरण हा तो पूल असायला हवा, आणि आपण त्यावर शब्द हुडकण्याचा खेळ मांडून बसलोय.

नुसता भागाकारसुद्धा सोपा नाहीये, हेही लक्षात असू द्या. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. तिथे शब्द नव्हते, फक्त मांडणी होती. मला वाटतं मांडणी अडते तीही गोष्ट हरवल्यामुळेच. "वरचा आकडा खाली घे" म्हणजे काय? ९६ रुपये चौघांत वाटून बघा: दहाच्या नऊ नोटा आणि सहा सुटे. प्रत्येकाला दोन-दोन नोटा दिल्या, एक नोट उरली. ती फाडता येत नाही, मग सुटे केले. हे दहा आणि आधीचे सहा मिळून सोळा. चार-चार वाटले. प्रत्येकाला २४. आकडा खाली घेणं म्हणजे नोटेचे सुटे हातातल्या सुट्यांत मिसळणं. बस एवढंच.

मग घरी काय करायचं?

सध्या आमच्या घरी चाललेला क्रम असा:

१. आधी आकडे झाकून उदाहरण वाचायचं. "काही लाडू आहेत, एका डब्यात थोडे बसतात, डबे किती?" आता काय होतंय ते सांग. आकडेच नसल्यामुळे ते उचलून पळता येत नाही.

२. "वाटतोयस की गट करतोयस?" मोठी संख्या असेल तर आधी लहान आकडे घालून चिंचोक्यांनी किंवा चित्राने करायचं.

३. हिशेबाआधीच उत्तर कशाचं येणार ते लिहायचं: लाडू, डबे, रुपये की मुलं.

४. मग पाढा आणि मांडणी.

५. शेवटी उत्तर गोष्टीत परत घालून बघायचं. ५ जीप गुणिले ६ म्हणजे ३० जागा, २६ मुलं. भागलं.

आठवड्यातून एकदा उलटा खेळ. मी फक्त १२ ÷ ३ लिहिते, त्याने दोन गोष्टी सांगायच्या, एक वाटणीची आणि एक गटांची. मूल ज्या प्रकारची गोष्ट रचू शकत नाही, तो प्रकार अजून कच्चा आहे. याहून चांगली चाचणी मला तरी माहीत नाही.

आणि "प्रत्येकी", "एकूण", "समान" या शब्दांची यादी कृपा करून भिंतीवर लावू नका. "१८ बोरं होती, काही मैत्रिणींना वाटली, ७ उरली, किती वाटली?" यात "वाटली" आहे, पण क्रिया वजाबाकीची. "५६ खुर्च्या, एका रांगेत ८, रांगा किती?" यात यादीतला एकही शब्द नाही, आणि आहे मात्र भागाकार.

खोटं सांगत नाही, हा रस्ता लांबचा आहे. पूर्वी वीस मिनिटांत दहा उदाहरणं व्हायची, आता तीन होतात. बहिणीला काळजी वाटते. परीक्षेत वेळ पुरेल का, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. "भागू की गुणू?" अजूनही अधूनमधून ऐकू येतंच.

पण परवा १२ ÷ ३ ची गोष्ट सांगताना तो म्हणाला, "बारा चकल्या, तिघांना." मग जरा थांबून, "आजी पकडून चौघं करू का? मग तीन-तीनच येतील, पण चालेल." उदाहरण बदलून टाकलं त्याने. मी काहीच बोलले नाही. त्या गोष्टीत आता माणसं होती.